जनरलचं चरित्र तारखांनी वाचा

३० एप्रिल २०२२ ला दिल्लीत जनरल मनोज नरवणे यांनी लष्करप्रमुखपदाची सूत्रं जनरल मनोज पांडे यांच्या हाती दिली. नाव एकच, एक पुण्याचे, दुसरे नागपूरचे. दोघांच्याही आईचा आवाज आकाशवाणीवर घरोघरी पोचलेला: सुधा नरवणे पुणे केंद्रावर, प्रेमा पांडे नागपूर केंद्रावर. नरवण्यांचे वडील हवाई दलात होते. पांड्यांचे वडील नागपूर विद्यापीठात मानसशास्त्र शिकवायचे. दोन्ही घरं शिकलेली, मध्यमवर्गीय. मोठा जमीनजुमला असलेली किंवा राजकारणातली नव्हेत.

यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. पहाटेची एसटी धरली तर दहाच्या आत माणूस पोचतो. तरी पांडे लष्करप्रमुख झाले ही बातमी आपल्याकडे अभिमानाने वाचली गेली आणि बाजूला ठेवली गेली. आपल्या दारव्ह्याच्या, वणीच्या, उमरखेडच्या पोराला त्या बातमीत काही कामाचं आहे, असं फारसं कुणी म्हणालं नाही. आपल्या जिल्ह्यात सैन्य म्हणजे ‘भरती’. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं प्रत्येक तालुक्यात दिसतात. सोळाशे मीटर किती मिनिटांत होतं ते त्यांना तोंडपाठ असतं. पण बारावीनंतर थेट अधिकारी होता येतं, हे त्यांतल्या अनेकांना एकविसाव्या वर्षी कळतं आणि तोवर एनडीएची (नॅशनल डिफेन्स अकॅडमीची) गाडी निघून गेलेली असते.

म्हणून जनरलचं आयुष्य वाचताना पदकं जरा बाजूला ठेवा आणि तारखा पाहा. पालकाला उपयोगी पडेल ते तारखांतच आहे.

मनोज पांड्यांचा जन्म ६ मे १९६२ चा. डिसेंबर १९८२ मध्ये त्यांना कमिशन मिळालं, म्हणजे ते सेकंड लेफ्टनंटच्या पायरीवर चढले. तेव्हा वय वीस वर्षं सात महिने. यातून देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीचं एक वर्ष आणि खडकवासल्याच्या एनडीएची तीन वर्षं वजा करा. उरतात साडेसोळा. नरवण्यांचा हिशोबही असाच: जन्म २२ एप्रिल १९६०, कमिशन जून १९८० मध्ये. दोघंही मिसरूड फुटायच्या वयात खडकवासल्याला पोचले होते. त्याआधी अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी झालेली. म्हणजे निर्णय पंधराव्या-सोळाव्या वर्षीच झालेला होता. आपल्याकडे त्या वयात ‘दहावी तर होऊ दे, मग पाहू’ असं चाललेलं असतं.

लवकर सुरुवात केल्याने पुढे काय फरक पडतो, ते निवृत्तीच्या वयावरून समजतं. फौजेत प्रत्येक हुद्द्याला निवृत्तीचं वय ठरलेलं आहे. कर्नल ५४, ब्रिगेडिअर ५६, मेजर जनरल ५८, लेफ्टनंट जनरल ६०. लष्करप्रमुखाला ६२ वर्षं वय किंवा तीन वर्षांचा कार्यकाळ, यांपैकी जे आधी येईल ते. आता पांड्यांची जन्मतारीख पुन्हा पाहा. नरवणे निवृत्त झाले ३० एप्रिल २०२२ ला, आणि पांडे साठीचे होणार होते ६ मे २०२२ ला. जन्म दोनच महिने आधीचा असता तर लेफ्टनंट जनरल म्हणून ते ३१ मार्चलाच घरी गेले असते आणि पद रिकामं झालं तेव्हा त्यांचं नाव यादीतच नसतं. पुढे बासष्टी पूर्ण झाल्यामुळे ३१ मे २०२४ ला त्यांची निवृत्ती ठरलेली होती. सरकारने एक महिना मुदत वाढवली आणि ३० जूनला सूत्रं जनरल उपेंद्र द्विवेदींकडे गेली. एकेचाळीस वर्षांच्या नोकरीत कर्तृत्व तर लागतंच, पण शेवटचा दरवाजा उघडला तो जन्मतारखेने.

आता यातलं आपल्या घरातलं काम. उद्याच मुलाच्या शाळेत जा आणि दाखल-खारीज रजिस्टरमध्ये त्याची जन्मतारीख काय लिहिली आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि आधार कार्ड शेजारी ठेवून तिन्ही तारखा ताडून घ्या. आपल्या गावांत एका पिढीचे निम्मे वाढदिवस १ जूनला येतात. गुरुजींनी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख टाकली आणि ती जन्मभर चिकटली. आता जन्मनोंद होते, पण नवा घोळ वेगळाच आहे. पोरगं लवकर पहिलीत बसावं म्हणून काही पालक वय वाढवून सांगतात. एनडीएची वयोमर्यादा साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि परीक्षा वर्षातून दोनदा. शाळेत एक वर्ष वाढवून लिहिलेल्या मुलाच्या दोन संधी त्या एका सहीत गेल्या.

एनडीएची परीक्षा घेणारी यूपीएससी फक्त दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख मानते. एकदा अर्जात भरली की ती बदलून मिळत नाही. शाळेची नोंद दुरुस्त करायची तर दहावीचा बोर्डाचा अर्ज भरण्याआधी, मूळ जन्मदाखला जोडून, मुख्याध्यापकांमार्फत. शाळा सोडल्यावर ती वाट जवळजवळ बंद होते. हा किरकोळ कागदी घोळ वाटत असेल तर जनरल व्ही. के. सिंग यांचं प्रकरण आठवा. एनडीएच्या अर्जात १० मे १९५० आणि दहावीच्या प्रमाणपत्रात १० मे १९५१, अशा दोन तारखा लष्कराच्याच दोन शाखांत वर्षानुवर्षं नांदल्या. ते स्वतः लष्करप्रमुख असताना वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, फेब्रुवारी २०१२ मध्ये याचिका मागे घ्यावी लागली आणि ३१ मे २०१२ ला ते १९५० च्या तारखेनुसार निवृत्त झाले. जिथे लष्करप्रमुखाची तारीख बदलली नाही, तिथे तुमच्या पोराची कोण बदलणार?

तारीख ठीक निघाली, की वाटा पाहू. सगळ्यात लवकरची वाट सहावीची. सैनिकी शाळेची प्रवेश परीक्षा सहावीसाठी आणि नववीसाठी देशभर होते. सहावीला वय दहा ते बारा, नववीला तेरा ते पंधरा. साताऱ्याची सैनिक स्कूल १९६१ पासूनची, पण यवतमाळकरांना आता चंद्रपूर आहे. बल्लारपूर रस्त्यावरची ही शाळा २०१९ ला सुरू झाली, आणि वणी-मारेगावकडच्या लोकांसाठी ती यवतमाळ शहराइतकीही लांब नाही. सैनिकी शाळांत सहावीला आता मुलींनाही प्रवेश आहे. जिल्ह्यातलंच हवं असेल तर घाटंजी तालुक्यातलं बेलोऱ्याचं जवाहर नवोदय विद्यालय. ते सैनिकी नाही, पण फुकट शिक्षण, वसतिगृह, इंग्रजीची सवय आणि मैदान तिथे मिळतं. एनडीएच्या तयारीचा निम्मा पाया तोच.

दुसरी वाट दहावीची. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. लोक तिला एसपीआय म्हणतात. दहावीनंतर मुलं घेतात, अकरावी-बारावी करून घेतात आणि सोबत एनडीएची तयारी. राहणं, जेवण, प्रशिक्षण बहुतांश सरकारी खर्चाने. प्रवेशाला लेखी परीक्षा आणि मुलाखत असते आणि जाहिरात दहावीच्या परीक्षेच्याच सुमारास निघते. तेव्हा घरात सगळ्यांचं लक्ष बोर्डाच्या पेपरकडे असतं आणि ती हमखास हुकते. मुलींसाठी अशीच संस्था आता नाशिकला आहे. दरवर्षी लाखालाखाची फी भरून पोरांना खासगी ‘डिफेन्स अकॅडमी’त घालणाऱ्या पालकांपैकी कितीजणांनी आधी एसपीआयचा अर्ज भरलेला असतो, हा मला नेहमी पडणारा प्रश्न आहे.

तिसरी वाट थेट. बारावीला बसलेला किंवा बारावी झालेला कुणीही अविवाहित मुलगा-मुलगी एनडीएचा अर्ज करू शकतो. सैन्यदलासाठी बारावीची शाखा कुठलीही चालते. नौदल आणि हवाई दलाला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. इथे एक खड्डा आहे. ‘कोणतीही शाखा चालते’ एवढं वाचून पोरगं कला शाखेत जातं आणि गणित सोडतं. मग पेपर समोर येतो: गणित ३०० गुणांचं, अकरावी-बारावीच्या पातळीचं. दुसरा पेपर ६०० गुणांचा, त्यात २०० इंग्रजीचे, बाकी सामान्य ज्ञान आणि विज्ञान. चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत, मराठीत नाही. तेव्हा शाखा कुठलीही घ्या, गणित सोडू नका.

आरक्षणाबद्दल विचारणारे पालक हटकून भेटतात. अधिकारी भरतीत जातीचं आरक्षण नाही. अनुसूचित जाती-जमातींना आणि मुलींना अर्जाचं शुल्क माफ आहे, तेवढंच. इतरांनाही ते फक्त १०० रुपये. खडकवासल्याचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं सरकार करतं. रुजू होताना काही हजारांची रक्कम घरून भरावी लागते. घरचं उत्पन्न कमी असेल तर खिशाला लागणाऱ्या खर्चासाठी सरकारी साहाय्य आहे आणि त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो. देहरादूनच्या वर्षात कॅडेटला महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. लेफ्टनंट झाल्यावर मूळ पगारही तेवढ्यापासूनच सुरू होतो, वर १५,५०० रुपये मिलिटरी सर्व्हिस पे. हे आकडे मुद्दाम लिहिले. ‘अधिकारी करायला किती लागतात?’ असं विचारणारे आणि त्याचं उत्तर लाखांत देणारे दोघंही गावात फिरत असतात. अधिकारी होण्याला पैसे लागत नाहीत. ‘आतून लावून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

बारावीची वाट हुकली तर पदवीनंतर सीडीएस परीक्षा आहे. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असलं आणि पदवीला पन्नास टक्के असले तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीला लेखी परीक्षाच नाही, थेट एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची मुलाखत. यवतमाळ-पुसदच्या कॉलेजात एनसीसीला जाणारी पोरं ग्रेस मार्कांसाठी जातात, पण एनसीसीचा खरा उपयोग हा. इंजिनिअरिंगवाल्यांना आणि कायद्याच्या पदवीधरांना वेगळ्या एन्ट्री आहेत. शिपाई म्हणून भरती झालेल्या हुशार मुलालाही नोकरीत असताना देहरादूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येतं. ही शेवटची वाट आपल्या भरतीवाल्या पोरांना आवर्जून सांगायला हवी. फक्त वयाचा हिशोब विसरू नका. पंचविशीत कमिशन घेतलेला माणूस उत्तम कर्नल होईल, ब्रिगेडिअरही होईल, पण त्याच्यापुढे निवृत्तीचं वय सोळाव्या वर्षी निघालेल्याच्या कितीतरी आधी येऊन उभं राहतं.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीएचे दरवाजे मुलींना उघडले, २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली तिथून बाहेर पडल्या. त्याआधीही एक रस्ता होता, डॉक्टरकीचा. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात (एएफएमसी) शिकलेल्या, लहान मुलांच्या मूत्रपिंडविकाराच्या डॉक्टर माधुरी कानिटकर २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल झाल्या. तिन्ही दलांत मिळून या दर्जाला पोचलेल्या त्या तिसऱ्या महिला. निवृत्तीनंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूही झाल्या. यवतमाळात नीटच्या क्लासला जाणाऱ्या मुली रग्गड आहेत. त्याच नीटच्या गुणांवर एएफएमसीच्या निवडीला बोलावणं येतं, शिक्षण फुकट आहे आणि बदल्यात काही वर्षं सैन्यात सेवा द्यावी लागते. नीटनंतरच्या पर्यायांच्या यादीत हे नाव टाकायला विसरू नका.

लेखी निघाली की एसएसबी. गाडी अडते ती बहुतेकांची इथेच. आपल्याला सोयीचं केंद्र भोपाळ. यवतमाळातून रेल्वे नाही, तेव्हा नागपूर गाठायचं आणि तिथून गाडी. एखाद्या प्रकारच्या भरतीला पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वे भाडं परत मिळतं, तिकीट सांभाळून ठेवायचं. मुक्काम पाच दिवसांचा. पहिल्याच दिवशी बुद्धिमापन आणि एका धूसर चित्रावर गोष्ट लिहून गटात चर्चा. संध्याकाळी निम्म्याहून जास्त पोरं बॅग घेऊन स्टेशनवर. त्यांच्या भाषेत ‘स्क्रीन आउट’. उरलेल्यांना चेस्ट नंबर मिळतो आणि पुढचे चार दिवस नावाऐवजी तोच चालतो.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या परीक्षा. एक शब्द दिसतो, पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. मग साठ प्रसंग, अर्धा तास. ‘तुम्ही जंगलातून जात आहात आणि गाडी बंद पडते’ अशा धर्तीचे. घोकलेली उत्तरं इथे पकडली जातात, कारण साठ उत्तरांत माणूस खोटा राहू शकत नाही. नंतर दोन दिवस मैदान. फट्टा, बल्ली आणि रस्सी देऊन, जमिनीला पाय न लावता एक पिंप पलीकडे न्यायला सांगतात. आठ-दहा जणांचा गट असतो. कोण ओरडतो, कोण दुसऱ्याचं ऐकून घेतो, कोण न सांगता बल्लीचं टोक धरून उभा राहतो, हे बाजूला वही घेऊन उभा असलेला अधिकारी पाहत असतो. गणपती मंडळाचा मांडव घातलेल्या, पोळ्याला बैलांची रांग आवरलेल्या आणि विहिरीतली मोटर वर काढताना चौघांत दोर ओढलेल्या पोराला हे काम परकं नाही. त्याला फक्त तिथे गप्प बसायचं नाही, एवढंच शिकायचं.

मुलाखतीच्या आधी एक फॉर्म भरून घेतात, पीआयक्यू म्हणतात त्याला. गाव, लोकसंख्या, वडिलांचं शिक्षण, व्यवसाय, उत्पन्न, भावंडं, खेळ, छंद, जबाबदारीची कामं. आपली पोरं इथे पहिली चूक करतात. वडील शेतकरी असतील तर ‘बिझनेस’ लिहितात, छंद ‘रीडिंग’ लिहितात. मग अधिकारी विचारतो, काय वाचलं शेवटचं? पोरगं गार. त्यापेक्षा खरं लिहावं: शेती, अमुक एकर, कापूस आणि तूर. मग प्रश्न आपल्या घरचे येतात. यंदा क्विंटलला काय भाव मिळाला? हमीभाव किती होता? कमी का मिळाला? बोंडअळी कशी येते? बेंबळा धरणाचं पाणी तुमच्या शेतापर्यंत का पोचलं नाही? टिपेश्वरचा वाघ शेतात शिरला तर गाव काय करतं? ज्याला हे सांगता आलं, त्याचं मोडकंतोडकं इंग्रजीही चालून जातं. ज्याला आपल्या तालुक्याचं काही सांगता आलं नाही, त्याला फाडफाड इंग्रजी तारत नाही. इंग्रजीचा सराव करायचाच, पण तो याच विषयांवर करावा. रोज संध्याकाळी घरात दहा मिनिटं, ‘आज शेतात काय झालं’ ते इंग्रजीतून. बापाला कळलं नाही तरी बसू द्या बापाला समोर.

लेखी आणि एसएसबीचे गुण ९००-९००, बेरीज १८०० ची. एसएसबीला फेल झालं म्हणजे आयुष्याचा शिक्का बसला असं नाही. वय आहे तोवर पुढच्या प्रत्येक संधीला पुन्हा जाता येतं. आणि लेखी पास झालेल्यांसाठी महाराष्ट्र सरकारचा फुकट एसएसबी वर्ग आहे, नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात. राहणं-जेवण तिथेच. निवडीसाठी आधी यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद घेऊन जावं लागतं. याची सूचना वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत छापून येते. ती शोधून वाचायची सवय लावून घ्या.

वैद्यकीय तपासणीची तयारी एसएसबीनंतर नव्हे, दहावीत करा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डोळे, कान, दात, पायाचा तळवा, गुडघे, वजन पाहून घ्या. रंगांधळेपणा असेल तर तो बरा होत नाही. ते आधी कळलं तर मुलाची तीन वर्षं वाचतात. कानातला मळ, नाकाचं वाकडं हाड, जादा वजन हे दुरुस्त होणारं आहे, आणि अशा कारणाने नाकारलं तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं. गोंदणाचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात खास आहे. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंज्याच्या पाठीवर गोंदवलेलं चालतं, इतरत्र नाही. कोलाम, गोंड अशा समाजांतल्या रूढीच्या गोंदणाचा विचार वेगळा होतो. पण जत्रेत हौसेने मानेवर काढलेला टॅटू रूढीत बसत नाही. पोरांना हे सोळाव्या वर्षाआधी सांगा.

समजा, पोरगं लागलं. पुढचा प्रवास कसा असतो, ते पुन्हा पांड्यांच्या तारखांवरून पाहू. त्यांना कमिशन मिळालं ते कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये, बॉम्बे सॅपर्समध्ये, ज्यांचं घर पुण्याजवळ खडकीला. पूल बांधणं, रस्ते काढणं, सुरुंग पेरणं आणि काढणं ही सॅपर्सची कामं. लष्करप्रमुखाच्या खुर्चीवर त्यांच्याआधी पायदळ, चिलखती दल आणि तोफखाना यांतलेच आले. इंजिनिअर्समधून तिथे पोचलेले पांडे पहिले. आपल्याकडे पोरांना पायदळच खरी फौज वाटते, आणि दुसरी शाखा मिळाली की चेहरा पडतो. तो पाडू नये.

पहिले काही हुद्दे वेळेने मिळतात: दोन वर्षांत कॅप्टन, सहा वर्षांत मेजर, तेरा वर्षांत लेफ्टनंट कर्नल. तेही बढतीच्या परीक्षा पास केल्या तर. फौजेत गेलं की अभ्यास सुटला, हा भ्रम आहे. मेजर असताना वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची स्पर्धा परीक्षा असते आणि तिथे शेकड्यांनी अधिकारी अडतात. पांड्यांनी स्टाफ कॉलेज इंग्लंडात कॅम्बर्लीला केलं. पुढे महूला हायर कमांड, दिल्लीत नॅशनल डिफेन्स कॉलेज. पन्नाशीतही परीक्षा चुकत नाहीत.

तेराव्या वर्षानंतर पिरॅमिड टोकदार होतो. कर्नलसाठी निवड मंडळ बसतं, एका तुकडीचे सगळे अधिकारी एकाच वेळी तपासले जातात, आणि वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल बोलतात. कर्नलला युनिटची कमान मिळते आणि करिअरचा खरा कस तिथे लागतो. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१-०२ मध्ये ऑपरेशन पराक्रम झालं, तेव्हा पांडे जम्मूतल्या पल्लनवाला भागात ११७ इंजिनिअर रेजिमेंटची कमान सांभाळत होते. आधीच्या पिढीतही हेच दिसतं. १९६५ ला असल उत्तरच्या लढाईत डेक्कन हॉर्स रेजिमेंटची कमान अरुणकुमार वैद्यांकडे होती. तिथे त्यांना महावीर चक्र मिळालं, १९७१ ला दुसऱ्यांदा मिळालं, आणि १९८३ ला ते लष्करप्रमुख झाले. म्हणजे पुढच्या जनरलची पारख झाली ती शेकडो माणसं सांभाळताना.

त्यानंतरची पांड्यांची यादी म्हणजे बदल्यांची यादी. इथिओपिया-एरिट्रियातल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत चीफ इंजिनिअर, नियंत्रण रेषेवर पायदळाची ब्रिगेड, आठवी माउंटन डिव्हिजन, तेजपूरची चौथी कोअर, जून २०२० पासून अंदमान-निकोबार कमांड, जून २०२१ पासून कोलकात्याची पूर्व कमांड, १ फेब्रुवारी २०२२ ला उपप्रमुख आणि तीन महिन्यांत प्रमुख. चार वर्षांत चार शहरं. बायको-पोरांनी या काळात किती शाळा आणि किती घरं बदलली असतील, तो हिशोब कुठल्याच चरित्रात लिहिलेला नसतो. मुलीचं लग्न अधिकाऱ्याशी ठरवणाऱ्यांनीही तो करावा.

म्हणून पालकांना एक स्पष्ट सांगणं. मुलाला ‘जनरल हो’ म्हणून पाठवू नका. एकेका तुकडीतून शेकडो लेफ्टनंट निघतात आणि लष्करप्रमुख सगळ्या सैन्यात एकच असतो. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेला माणूस अपयशी नाही. त्याने पोरं सांभाळली, सीमा सांभाळली, आणि पेन्शन घेऊन पन्नाशीत तो दुसरं काम सुरू करायला मोकळा आहे. आपल्या जिल्ह्यात असे दहा कर्नल झाले तर त्यांच्या गावातली पुढची शंभर पोरं कुणाला विचारायचं ते जाणतील. आज त्यांना विचारायला माणूसच नाही, आणि ती उणीव क्लासवाले भरून काढतात.

एनडीएचा अर्ज वर्षातून दोनदा निघतो, साधारण डिसेंबरात आणि मे महिन्यात. परीक्षा एप्रिल आणि सप्टेंबरच्या सुमारास, जवळचं केंद्र नागपूर. अर्ज यूपीएससीच्या संकेतस्थळावर घरबसल्या भरता येतो. त्याआधी शाळेत जाऊन ती जन्मतारीख पाहून या.